परिषदेसाठी गाऱ्हाणं

“बाय, तुका काय लिवचा तां लिव. पण देवाचा नाव त्यात घालू नको. आनी जत्रेच्या दिसा तू दुसऱ्या खांबाकडे उबी रव, ह्येंका दिसशी अशी. बाकी माका काय नाका.”

यशोदाकाकीचं हे सांगणं कानात होतं आणि समोर संगणकावर परिषदेचा अर्ज उघडलेला होता. वाचा आणि श्रवण या विषयांतल्या तज्ज्ञांची परिषद यंदा पणजीजवळच्या एका मोठ्या हॉटेलात भरणार होती, आणि तिथे सादरीकरण करण्यासाठी मी प्रस्ताव पाठवत होते. काकीने काळजी करायचं कारण नव्हतं. अर्जात देवाला जागाच नव्हती. शीर्षक, लेखकांची नावं, तीनशे शब्दांत गोषवारा, आणि शेवटी ‘श्रोते कोणत्या तीन गोष्टी शिकून जातील’ असा एक रकाना. अशा परिषदांना मी गेलेली आहे. श्रोते काय घेऊन जातात ते मला माहीत आहे. कापडी पिशवी, एक पेन आणि जेवणाच्या रांगेत भेटलेल्या यंत्रकंपनीवाल्याचं कार्ड.

कुणाची निंदा करायची नाही असा माझा चातुर्मासाचा नेम असतो. कार्तिकात तो सुटतो. ही सगळी हकीकत त्यानंतर लिहायला घेतली, म्हणून लिहिता येते.

डिचोलीच्या बाजारात, औषधाच्या दुकानाच्या माडीवर माझी खोली आहे. माझी म्हणजे बसते मी, पाटी गुरुदास सरांची. पणजीतल्या त्यांच्या केंद्राची ही शाखा. येणारे बहुतेक पाळीच्या बाजूचे, खाणीवर आयुष्य गेलेले पुरुष. क्रशरच्या आवाजाने कान गेलेले. बायका त्यांना हाताला धरून जिना चढवतात आणि ओरडून ओरडून घसा बसल्याची तक्रार करतात. नवऱ्याच्या कानाला यंत्र लावलं की बाई इतक्या वर्षांत पहिल्यांदा हळू बोलायला जाते, आणि मग काय बोलावं तेच तिला सुचत नाही. हे बघायला मला आवडतं. यावर प्रस्ताव पाठवावा असं मात्र कधी वाटलं नव्हतं.

यशोदाकाकीचे यजमान धाकूकाका, त्यांचं दुखणं कानाचं नव्हतं. ते माझ्या माहेरचे, पेडण्याहून हरमलला जाणाऱ्या रस्त्यावरच्या आमच्या वाड्यावरचे. जन्मभर त्यांनी वास्कोची बस चालवली. निवृत्त झाले आणि पुढच्याच वर्षी एका सकाळी मेंदूत रक्ताची गाठ अडकून उजवा हात थोडा आणि बोलणं सगळं गेलं. समजत होतं, म्हणता येत नव्हतं. उरला होता एकच शब्द, ‘मगे’, म्हणजे ‘मग’. भूक लागली तरी मगे, राग आला तरी मगे, नातू मांडीवर चढला तरी मगे. काकीने त्यांना डिचोलीला लेकीकडे आणून ठेवलं आणि माझा जिना चढवला.

बोलणं गेलं एवढंच असतं तर काका कोपऱ्यात बसून राहिले असते. पण आमच्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराकडे आहे. जत्रेला पालखी बाहेर काढण्याआधी गावाच्या वतीने देवापुढे उभं राहून मोठ्याने मागणं मागायचं, आणि जमलेल्यांनी प्रत्येक वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणून साथ द्यायची. ते म्हटल्याशिवाय पालखी उचलत नाहीत. गावच्या वडीलधाऱ्यांनी सांगून ठेवलं होतं: ह्या जत्रेला जमलं तर धाकू, नाही जमलं तर चुलतभाऊ सगुण, आणि मग कायमचा तोच. काकीने हे मला सांगितलं तेव्हा काका खिडकीबाहेर बघत होते आणि त्यांचा हात मांडीवर बसचं चाक वळवल्यासारखा हलत होता.

आमच्याकडे शिकवायला चित्रांची कार्डं असतात. सफरचंद, बर्फाचं घर, पियानो वाजवणारी मुलगी. ती कुणी छापली कोण जाणे, पण बोलणं गेलेल्या माणसाला पहिल्यांदा पियानोच लागतो अशी त्याची समजूत असणार. मी त्यातून बसचं कार्ड शोधून काढलं.

तो शनिवार होता. शनिवारी सकाळी उठल्यापासून दुपारी देवाला दिवा लावीपर्यंत मी बोलत नाही, लग्नाआधीपासूनचा नेम आहे. खोली मात्र उघडी असते. खुणांनी, लिहून, काम चालतं. सरांना हे प्रथम कळलं तेव्हा ते म्हणाले होते, “वाचा-उपचार करणारी बाई आणि मौन. म्हणजे दंतवैद्याने दात काढून पेटीत ठेवल्यासारखं झालं.” विनोद बरा होता, मीही हसले. पण नंतर सर तो वर्षभर सांगत राहिले, आणि दर वेळी मी हसले नाही तर थांबून वाट बघत.

तर त्या शनिवारी मी कार्ड पुढे धरलं आणि ‘बस’मधला ब दाखवायला ओठ मिटले. आवाज न काढता. काका माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मी ओठ मिटून तशीच थांबले. त्यांचेही ओठ मिटले. आणि उघडले तेव्हा बस बाहेर आली नाही.

“बा देवा म्हाराजा,” काका म्हणाले. मोठ्याने. “आज ह्या तुज्या पायांकडे तुजी लेकरां जमली आसत…”

“व्हय म्हाराजा,” मागच्या खुर्चीवरून काकी म्हणाली. सवयीनेच. मग तोंडावर पदर धरला.

काका पुढची तीन-चार वाक्यं म्हणत गेले. खाली औषधं घ्यायला आलेली माणसं जिन्यात येऊन उभी राहिली. माझा नेम मोडला नाही एवढंच; डोळ्यांना नेम नव्हता.

दुसरी कुणी असती तर पेढे वाटले असते. काकी घाबरली. दिवा नाही, नारळ नाही, कारण नाही, औषधांच्या दुकानावर बसून रिकामं गाऱ्हाणं घातलं गेलं. दुसऱ्याच दिवशी ती पेडण्याला गेली आणि देवाला कौल लावून आली. मूर्तीला लावलेल्या पाकळ्यांतली उजवी पडली, म्हणजे होकार. पण काकीने देवापुढे स्वतःहून एक कबुली दिली होती, ती तिने मला येऊन सांगितली.

“रिकामा घालूचा नाय. दर खेपेक कोणाचा तरी खराखुरा काय तरी मागूचा.”

त्या दिवसापासून आमची कार्डं कपाटात गेली. काका यायचे, काकी सोबत कुणाची तरी अडचण घेऊन यायची. खालच्या औषधवाल्याचा गुडघा. लेकीच्या शेजारणीची बारावी. पाळीच्या एका ड्रायव्हरचं बंद पडलेलं काम. ‘बा देवा म्हाराजा’ पासून पुढचं पाठ असलेलं बोलणं रुळावरून गेल्यासारखं जायचं, आणि मध्ये जिथे माणसाचं नाव आणि मागणं घालायचं तिथे काका अडायचे. मग माझ्या तोंडाकडे बघायचे. मी पहिलं अक्षर ओठांवर दाखवायची, शनिवार असो नसो, आवाज न काढता. आणि ‘गुडघो’ बाहेर यायचा. चित्र दाखवून महिनाभरात न आलेला शब्द देवाकडे मागताना यायचा. पुढे पुढे तो घरीही यायला लागला. लेकीने सांगितलं, काल बाबांनी ‘पाणी’ म्हटलं, मागे-पुढे देवबिव काही नाही.

औषधवाल्याचा गुडघा बरा झाला का, असं मला सरांनी एकदा विचारलं. नाही झाला. पण तो रोज विचारायचा, आज माझं नाव घेतलं का म्हणून.

सरांना हे मी महिन्याच्या बैठकीत सांगितलं होतं. तेव्हा ते म्हणाले, “डिचोलीची शाखा देवस्थान समितीकडे देऊन टाकू या.” सगळे हसले. पुढे परिषदेचा विषय जाहीर झाला, ‘लोकपरंपरा आणि वाचा’, आणि सर आयोजन समितीचे प्रमुख झाले. मग एके दिवशी त्यांचा फोन आला. आवाजात असा गोडवा की मला वाटलं नंबर चुकला.

“सुमंगला, ती तुझी देवाची केस. प्रस्ताव लिही. आजच.”

लिहायला काकीला विचारावं लागलं. तिने काय सांगितलं ते सुरुवातीला दिलंच आहे. देवाचं नाव न घालणं सोपं होतं. खांबाकडे उभं राहण्याचं कारण वेगळं. देवळात मी काकांच्या शेजारी उभी राहू शकत नाही, तिथे पुरुष असतात. पण बायका जिथे उभ्या राहतात तिथला दुसरा खांब गाऱ्हाणं घालणाऱ्याच्या नजरेसमोर येतो. काका अडले तर तिथून माझे ओठ दिसतील. काकीने स्वतः करून पाहिलं होतं, पण ते अडले की ती ओठ दाखवायच्या आधी रडते. मी देवाची शपथ वगैरे घेतली नाही. ‘येईन’ म्हटलं. आमच्याकडे तेवढं पुरतं.

मी लिहिलेला गोषवारा सरांनी दुरुस्त करून पाठवला. काकी होती तिथे ‘काळजीवाहक’ आली. व्हय म्हाराजा होतं तिथे ‘समूहप्रतिसाद’. देव होता तिथे ‘सांस्कृतिक उद्दीपक’. माझ्या शनिवारच्या मौनाचं ‘उपचारकाचे किमान शाब्दिक योगदान’ झालं. काकीने घातलेली अट, रिकामं घालायचं नाही, ती खोडली होती. बाजूला शेरा: ‘अनावश्यक.’ त्या अटीवरच सगळा उपचार उभा होता, पण तीनशे शब्दांत बसत नव्हती. शीर्षक सरांनी स्वतः दिलं: ‘मौनातून मंत्राकडे’.

मी फोन केला. “सर, हा मंत्र नाही. मागणं आहे.”

“लोकांना मंत्र समजतो.”

“ज्यांना समजतो ते म्हणतात, सर. काका मंत्र म्हणत नाहीत.”

“सुमंगला, तू आतून बघतेस. तुला अंतर ठेवता येत नाही.”

अंतर सरांना चांगलं ठेवता येतं. काकांना त्यांनी तोवर पाहिलेलंही नव्हतं. लेखकांच्या नावांत पहिले ते होते. दुसरी त्यांची मुलगी, जी मंगळूरला शिकत होती आणि जिने काका आणि पेडणं दोन्ही पाहिलेलं नव्हतं. तिसरी मी. तज्ज्ञांनी तो प्रस्ताव तपासला आणि उत्तर पाठवलं की विषय रोचक आहे, पण हाच उपचार देवाशिवाय केल्यास काय परिणाम होतो याची तुलना हवी होती. मी ते वाचलं आणि संध्याकाळच्या पोथीला बसले. पोथीत लक्ष लागलं नाही.

तरी प्रस्ताव स्वीकारला गेला. स्वीकारणारे सरांच्याच समितीतले. नुसतं सादरीकरण नव्हे तर ‘विशेष सत्र, प्रात्यक्षिकासह’. परिषदेचा दुसरा दिवस, शनिवार. पंचांग बघायची गरज नव्हती, जत्रा कधी हे मला पाठ होतं.

“सर, त्या दिवशी जत्रा आहे.”

“जत्रा दरवर्षी असते.”

“परिषदही दरवर्षीच असते, सर.”

मी मुद्दाम बोलले नव्हते, हळूच बोलले होते. माझं हळू बोललेलं लोकांना जास्त लागतं असं माझी आई म्हणायची.

“मी स्वतः काकांशी बोलतो,” सर म्हणाले. “तुला लोकांना पटवता येत नाही.”

काका तोवर गावी परतले होते. जत्रेआधीच्या रविवारी सर गाडी घेऊन आमच्या वाड्यावर आले, मीही गेले. त्यांनी शाल आणली होती. परिषदेत द्यायची तीच, पण आधी दाखवायला. काकीने खुर्ची पुसून दिली, चहा ठेवला, सकाळीच पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, घेतलेले उंडे बशीत मांडले. सरांनी उंडा दोन बोटांनी थोडा दाबून बघितला आणि परत ठेवला.

सगुण दारातच उभा होता. हा काकांचा चुलतभाऊ. हरमलला पर्यटकांना खोल्या भाड्याने देतो, गावच्या फुटबॉल स्पर्धेत मायक त्याच्याकडे असतो. गाऱ्हाणं त्याने पाठ करून ठेवलं होतं आणि ते कुणापासून लपवलंही नव्हतं.

“काका,” सर मोठ्याने म्हणाले, जसं काही काकांचे कान गेले होते, “एकदा म्हणून दाखवा ना. थोडंसंच.”

काकांनी काकीकडे बघितलं.

“कोणाखातीर?” काकीने विचारलं.

“म्हणजे?”

“गाऱ्हाणा कोणाखातीर घालूचा? कोणाचा तरी काय तरी आसाक होया ना.”

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी चहाच्या कपाकडे पाहिलं.

“परिषदेसाठी घाला,” सर म्हणाले. त्यांना ते सुचल्याचा आनंद झाला. “परिषद यशस्वी होवो, असं.”

“परिषदेक काय जाला?”

“झालं काही नाही.”

“बरी आसा?”

“चांगलीच आहे. देशभरातून लोक येतायत.”

“मगे?” काका म्हणाले.

सगुणाला दारातच हसू फुटलं. काकी आत गेली, चुलीकडे काहीतरी हलवायला. सर हसले, पण उशिरा, आणि मग मला म्हणाले, “शब्द अगदी प्रसंगाला धरून आला. ह्याची नोंद घे.” मी घेतली नाही. तो शब्द काकांकडे पहिल्या दिवसापासून होता. प्रसंग त्याला आज मिळाला.

“सायबा,” सगुण पुढे झाला, “तुमका गाऱ्हाणाच होया ना? मी घालतंय. माका मायक सवयीचो. परिषदेक काय जाला नाय तरी चलता.”

आणि तिथेच, अंगणाकडे तोंड करून त्याने सुरू केलं. आवाज छानच आहे त्याचा. खणखणीत, कुठे न अडणारा, स्पर्धेत गोल झाल्यावर निघतो तसा. सर खुर्चीतून उठून ऐकायला लागले. काका खाली मान घालून आपला उजवा हात डाव्या हातात धरून बसले. ‘व्हय म्हाराजा’ कुणीच म्हटलं नाही. सगुणाला त्याने फरक पडला नाही, ते तोच म्हणत होता.

अंगणात गाडीजवळ सर मला म्हणाले, “प्रश्न सुटला. शनिवारी हा येईल.”

“सर, त्याला काही झालेलं नाही. तो धडधाकट आहे.”

“म्हणूनच मध्येच अडकणार नाही.”

गंमत करत असतील असं मला वाटलं. ते गाडीच्या काचेत केस नीट करत होते.

“अडकण्यावरच प्रस्ताव आहे, सर.”

“सुमंगला, तीनशे माणसं बसलेली असणार. वीस मिनिटांचं सत्र. तो माणूस ‘बा’ म्हणून तिथे पाच मिनिटं उभा राहिला तर मी काय करू, चहा फिरवू? रुग्णाची माहिती पडद्यावर येईल, गाऱ्हाणं कसं असतं ते हा दाखवेल. यात खोटं काही नाही.”

“लोकांना वाटेल हाच रुग्ण. हाच बरा झाला.”

“लोकांना काय वाटावं ते आपण कसं ठरवणार?”

कायद्यात बसत असणार ते. माझ्या मनात सरांबद्दल वर्षानुवर्षं एक जागा होती. ते वरिष्ठ, त्यांनी मला हे काम दिलं, एवढ्या गोष्टींची जागा. ती त्या अंगणात रिकामी झाली. राग आला असता तर मी प्रायश्चित्त म्हणून एक वेळ जेवले नसते. राग नव्हता. मोरीतून झुरळ निघालं की आपण चप्पल शोधतो, रागावत नाही, तसलं काहीतरी होतं. त्याला प्रायश्चित्त काय ते मला माहीत नाही.

“माझं नाव काढा, सर.”

“पत्रिका छापून झाली.”

“मग नाव राहू द्या. मी येणार नाही.”

“सादर कोण करणार? दोन प्रश्न कुणी विचारले तर उत्तर कोण देणार?”

“तुमचं पहिलं नाव आहे.”

सरांनी गाडीचं दार उघडलं. “डिचोलीची शाखा कुणाच्या भरवशावर चालते याचा विचार कर.”

“पाळीच्या क्रशरच्या, सर,” मी म्हटलं.

दार लागलं. गाडी पाठीमागे घेताना त्यांनी काकीच्या दारातलं झेंडूचं एक रोप चिरडलं. ते त्यांना दिसलं नाही, खरंच दिसलं नसणार.

शाल विसरून गेले होते. काकीने ती घडी करून पिशवीत घातली आणि सगुणाकडे पाठवून दिली. “ज्येची तेका,” म्हणाली.

सगुण जाईल असं गावात कुणाला वाटलं नव्हतं. ज्या मानासाठी तो दोन वर्षं टपून होता तो शनिवारी त्याच्या हाताशी होता. काका अडले असते की पुढे पाऊल टाकायचं, एवढंच बाकी होतं. पण हॉटेलात राहायला खोली मिळणार होती, समुद्राच्या बाजूची. दुसऱ्यांना खोल्या देऊन देऊन जन्म गेला त्याचा, स्वतः कधी पाहुणा झाला नव्हता. त्याने वडीलधाऱ्यांना सांगितलं, दुपारी हॉटेलात घालतो आणि संध्याकाळी पालखीला पोचतो. पालखी दुपारी निघते हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. देव थांबेल असं धरून चालला होता. सरांचं वळण लवकर लागलं.

शुक्रवारी सकाळी काकीचा फोन आला.

“सगुण गेलो पणजेक. धोतर-पुडवे घेवन.”

“मग आता?”

“आता ह्येंच्याशिवाय कोण नाय. अडले तर पालखी थंयच रवतली. सगळो गाव बघतलो. तेंका कळला आसा. रात्रीपासून जेवूक नाय. सकाळी माका म्हणले, ‘बाय?’ तेवढाच. तुझ्याविषयी विचारतत.”

“येते म्हणून सांग, काकी.”

“तुका थंय जावचा नाय मा? परिषदेक?”

“परिषद बरी आहे,” मी म्हटलं.

काकी हसली. फोनवर तिचं हसणं कधी ऐकलं नव्हतं.

त्या दिवशी मी खोलीत बसून पुढच्या आठवड्याची कामं लावली. यंत्रांच्या बॅटऱ्या, पाळीच्या दोघांच्या तपासण्या, एका मुलाचे कानाचे साचे. शाखेची किल्ली एका पाकिटात घालून खाली औषधवाल्याकडे ठेवली. सर मागायला माणूस पाठवतील तर सापडावी. औषधवाल्याने पाकीट गल्ल्यात ठेवलं आणि विचारलं, “उद्या जत्रेत माझ्या गुडघ्याचा काय तरी घालतले काय हो, काका?”

“गावाचं गाऱ्हाणं आहे. त्यात सगळ्यांचे गुडघे आले.”

“तरी पण नाव घेतलां जाल्यार बरें,” तो म्हणाला.

शनिवारी उठले, आंघोळ केली, तुळशीला पाणी घातलं, आणि मौन धरलं. देवाचा दिवा मात्र घरी लावायचा नाही असं ठरवलं होतं. दुपारी देवळातच लागेल, आणि तोवर तोंड उघडायचं ते फक्त ओठ दाखवायला. नेम असा कधी उपयोगी पडेल असं आईने तो घ्यायला लावताना सांगितलं नव्हतं.

साडी बदलत असताना फोन वाजला. सरांचं नाव. वाजून थांबला. परत वाजला. मग संदेश आला: ‘सगुण विचारतोय, गाऱ्हाण्यात परिषदेसाठी काय मागायचं? ताबडतोब कळव.’ मी तो दोनदा वाचला. मौनात लिहायला बंदी नाही. फोन उशीखाली ठेवला आणि दाराला कडी घातली.

बाजारात अजून दुकानं उघडली नव्हती. बसथांब्यावर फुलवाली बसली होती, तिच्याकडून एक अबोलीची वेणी घेतली, बोट दाखवून. म्हापशाची बस आली. तिथून पुढे पेडण्याची दुसरी. खिडकीजवळची जागा मिळाली. काचेत माझं तोंड अर्धंमुर्धं दिसत होतं. मी ओठ मिटले, थोडं थांबले, उघडले. लांबून दिसायला हवेत म्हणून अजून जरा घट्ट मिटून पाहिले.

“खंय?” कंडक्टरने विचारलं.

मी त्याच्याकडे वळून तसेच ओठ मिटले.

“म्हापशें?”

मी मान डोलावली. त्याने तिकीट फाडून दिलं आणि पुढे गेला.